दोन जंगलांत चालणारं नाव

बाळांनो, तुमचं नाव ठेवताना तुम्हाला कोणी विचारलं होतं का? नाही ना? मलाही नव्हतं विचारलं. तरी आपलं सगळ्यांचं बरं चाललं आहे. पण आज मी ज्यांची गोष्ट सांगणार आहे, त्यांनी आपल्या लेकीच्या नावासाठी दोन जंगलांना विचारलं. ती जंगलंही जवळची नव्हती. सातासमुद्रापलीकडची होती.

तर एका जंगलात, करवंदीच्या जाळीमागे, किंजळाच्या मुळाशी एक बीळ होतं. त्या बिळात अच्युत नावाचं साळिंदर आणि त्याची बायको मृणाल राहायची. थंडीच्या दिवसांत त्यांना मुलगी झाली. नाकीडोळी नीटस, वजनाने एका कच्च्या फणसाएवढी.

साळिंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे काटे मऊ असतात. कापसाच्या वातीसारखे. बारा दिवसांत ते टणक होतात. म्हणून साळिंदरांमध्ये बाराव्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत बारसं उरकतात. काटे मऊ असेपर्यंत नाव आत मुरतं. एकदा टणक झाले की वरच्या वर राहतं आणि चार दिवसांत गळून पडतं.

बारशाची रीत तुमच्या-आमच्यासारखीच. आत्या पिल्लाच्या कानात नाव सांगते. मग जमलेल्या बायका 'कुर्रर्र' करून आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. आता माणसाच्या आत्याला धपाटा घालायला काही लागत नाही. हात असला की झालं. साळिंदराच्या आत्याचं तसं नाही. तिला आधी आपले काटे पाडून पाठ सपाट करावी लागते. म्हणजे तिचा तुमच्यावर विश्वास, आणि तुमचा तिच्यावर. तो धपाटा पडला तरच नाव आत उतरतं.

'नसलं नाव तर काय बिघडलं?' असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. वाघ आला की त्या रानात सगळ्यांना नावानिशी हाका मारतात. ज्याचं नाव येईल त्याने बिळात पळायचं, अशी शिस्त. टेकडीपलीकडे एक म्हातारं साळिंदर राहायचं. लहानपणी त्याचं बारसं राहून गेलं होतं. सगळे त्याला 'अहो' म्हणायचे. एकदा वाघ आला. सगळ्यांची नावं पुकारून झाली. हे बिचारं आपलं नाव कधी येतंय म्हणून वाट बघत बाहेर उभं राहिलं. जिवानिशी वाचलं, पण अर्धं शेपूट वाघाने नेलं.

मृणाल रोज ते अर्धं शेपूट आठवायची आणि आपल्या लेकीला पोटाशी धरायची.

"अहो, नावाचं काय करायचं?" तिने पाचव्या दिवशी नवऱ्याला विचारलं.

"साधंसुधं नाव नाही ठेवायचं," अच्युत म्हणाला. "आपली मुलगी मोठी झाली की एक तर इंग्रजी जंगलात जाईल, नाही तर जर्मन जंगलात."

"कशावरून?"

"सगळ्यांचीच जातात. ससुलीचा मोठा इंग्रजी जंगलात आहे. खारीची सून जर्मन जंगलात. आपण काय मागे राहायचं?"

"पण नक्की कुठल्या जंगलात जाईल?"

"ते आत्ता कसं सांगणार? म्हणूनच म्हणतो, दोन्हीकडे चालेल असं नाव हवं."

"तिला विचारून बघू या का थोडी मोठी झाल्यावर?"

"तोवर चांगली नावं संपतील," अच्युत म्हणाला.

ते मृणालला पटलं. नावं संपतात हे तिला ठाऊक नव्हतं.

त्या वेळी तळ्यावर एक करकोचा उतरला होता. लांब पाय, लांब चोच, चेहरा गंभीर. तो दर थंडीत जर्मन जंगलाकडून यायचा आणि जाता-येता इंग्रजी जंगलावरून वळसा घ्यायचा, असं तो स्वतःच सांगायचा. सगळे त्याला करकोचेमास्तर म्हणायचे. बाळाच्या नावाबाबत सल्ला देणं हा त्याचा धंदा होता. पूर्वी तो बाळंच आणून द्यायचा म्हणे. पण त्यात वजन फार. सल्ला हलका असतो.

करकोचेमास्तर बिळापाशी आले. एक पाय वर घेऊन उभे राहिले.

"तुमच्या मनात काही नावं आहेत?" त्यांनी विचारलं.

"जान्हवी," अच्युत म्हणाला.

"जर्मन जंगलात यान्हवी होईल."

"वसुधा?"

"तिकडच्या म्हाताऱ्या अस्वलांच्या तोंडी फसुधा."

"मला ऋतुजा आवडतं," मृणाल हळूच म्हणाली.

"इंग्रजी जंगलातले कोल्हे पहिल्याच अक्षराला थांबतील, चहा पितील आणि विषय बदलतील," मास्तर म्हणाले. "शिवाय जर्मन जंगलात नाव कोणीही, कसंही ठेवून चालत नाही. तिकडे घुबडसाहेबांची कचेरी आहे. नाव त्यांच्याकडून मंजूर व्हावं लागतं. घुबडसाहेबांना नावावरून मुलगा की मुलगी हे कळलं पाहिजे."

"मुलीकडे बघून नाही कळत?" मृणालने विचारलं.

"ते बघत नाहीत. ते वाचतात."

अच्युतने अभिमानाने मान डोलावली. ज्या जंगलात घुबडं वाचतात, तिथे आपली मुलगी जाणार!

मग करकोचेमास्तरांनी आपली यादी काढली. चोच खटाखटा वाजवत ते एकेक नाव दोनदा म्हणायचे. एकदा इंग्रजी कोल्ह्यासारखं, नाकातून. एकदा जर्मन अस्वलासारखं, घशातून.

"रूथ." मास्तरांनी स्वतःच मान हलवली. "नको. शेवटी जीभ दातात अडकते. अस्वलांना जमत नाही. गर्ट्रूड!"

ते ऐकून बाळ जे रडायला लागलं, ते दूध पाजेपर्यंत थांबलं नाही.

एवढ्यात शेजारची घूस डोकावली. शेजारीण म्हणून तिला सगळं ऐकू यायचं. भिंत एकच होती, आणि ती तिनेच पोखरली होती.

"अहो, मग माया ठेवा की," घूस म्हणाली. "माझ्या भाचीचं नाव आहे. परवा तळ्यावरची बदकं सांगत होती, इंग्रजी जंगलात पण मायाच म्हणतात, जर्मन जंगलात पण मायाच म्हणतात."

मृणालचा चेहरा उजळला.

करकोचेमास्तरांनी नाव नाकातून म्हणून पाहिलं. घशातून म्हणून पाहिलं. दोन्हीकडून ते सरळ बाहेर आलं. त्यांनी उभा पाय बदलला.

"चालतं," ते नाराजीने म्हणाले. "पण फार सोपं आहे."

"आणि घुशीच्या भाचीचं नाव आम्ही ठेवायचं?" अच्युत म्हणाला. "उद्या रान म्हणेल, यांनी घुशीचं उतरवलं."

"नका ठेवू, माझं काय जातंय?" घूस म्हणाली. "तुमची पोर, तुमचं बारसं. मी आपली धपाट्यापुरती येईन." आणि ती भिंतीतून निघून गेली.

मायाचा विषय तिथे संपला.

सहावा दिवस गेला. सातवा गेला. करकोचेमास्तरांनी तळ्यावरच्या रानबदकांबरोबर दोन्ही जंगलांत निरोप धाडले. रानबदकं किती वेगाने उडतात हे मला विचारू नका. गोष्टीतली होती, वेळेवर परत आली.

इंग्रजी जंगलात अच्युतचा धाकटा भाऊ होता. बाळाचा काका. त्याने कळवलं, 'दादा, नाव छोटं ठेव. इथे लांब नाव दिसलं की लोक त्याचं शेपूट कापतात. माझ्या नावाचं एकच अक्षर उरलंय.' जर्मन जंगलात मृणालचा भाऊ होता. बाळाचा मामा. त्याने कळवलं, 'ताई, नाव कुठलंही ठेव, पण एकदाच ठेव. इथे बदलायचं म्हटलं तर घुबडसाहेब तीन हिवाळे लावतात.'

दोघांनीही भाचीची, पुतणीची तब्येत कशी आहे ते विचारलं होतं. पण अच्युतने नावापुरताच भाग मोठ्याने वाचला.

नवव्या दिवशी यादीत चार नावं उरली. दहाव्या दिवशी दोन. त्याच दिवशी द्वारकाआत्या आली.

द्वारका म्हणजे अच्युतची थोरली बहीण. ती तीन टेकड्या पलीकडे राहायची. चालत आली होती. बरोबर बाळंतविडा होता. मऊ गवताचं दुपटं, डिंकाचे दोन खडे आणि स्वतःच्या हाताने शिवलेलं टोपडं. टोपड्याला काट्यांसाठी भोकं ठेवली होती. एकेक भोक नीट काठ मारून.

तिने बाळाला मांडीवर घेतलं, हुंगलं आणि म्हणाली, "नाकाने आमच्याकडची आहे. बरं, बारशाची तयारी कुठवर आली?"

"सगळी झाली, अक्का," अच्युत म्हणाला. "घुगऱ्या भिजत घातल्यात. पाळणा वेलीचा आहे. नावही जवळजवळ ठरलंय. एमा किंवा क्लारा."

द्वारकाआत्याने टोपडं घडी करून बाजूला ठेवलं.

"ठरलंय?" मग तिने विचारलं.

"हे करकोचेमास्तर. फार जाणकार आहेत. तुला काही त्रास नाही, अक्का. आम्ही नाव सांगू, तू फक्त कानात सांगायचं."

"बरं," आत्या म्हणाली. "कानात सांगायलाच आलेय मी."

बाळांनो, 'बरं' म्हणणाऱ्या आत्यापासून जरा जपून राहावं. पण अच्युतचं लक्ष यादीकडे होतं. त्याला दिसलं नाही. मृणालला मात्र दिसलं. वन्संच्या पाठीवरचा एक काटा हळूच उभा राहिला होता.

संध्याकाळपर्यंत दहा उभे राहिले. अकराव्या दिवशी सकाळी द्वारकाआत्या जागी झाली तेव्हा तिच्या पाठीवर एकही काटा आडवा नव्हता. बिळाच्या दारातून तिला तिरकं होऊन बाहेर पडावं लागलं.

"अक्का, थंडी वाजतेय का?" अच्युतने विचारलं.

"नाही रे बाबा. मस्त आहे."

बारावा दिवस उजाडला. मास्तरांनी एमा बाद केलं. इंग्रजी जंगलात दर तिसरी ससुली एमा आहे, असं ते म्हणाले. राहिलं क्लारा. नाकातून म्हटलं तरी क्लारा. घशातून म्हटलं तरी क्लाराच. थोडी गुळणी केल्यासारखं वाटायचं, पण क्लारा.

"झालं तर मग!" अच्युत म्हणाला.

"एक अडचण आहे," मास्तर म्हणाले. "उंच डोंगरातले बोकड वेगळीच जर्मन बोलतात. त्यांना एकदा विचारलं असतं तर बरं. निरोप जाऊन यायला आठ दिवस."

"आज सूर्य मावळला की काटे टणक होतील, मास्तर," मृणाल म्हणाली. बारा दिवसांत ती पहिल्यांदाच जरा मोठ्याने बोलली. "बोकडांना नंतर विचारा."

दुपारी बायका जमल्या. घूस आली, ससुली आली, खार आली, टेकडीवरची भेकरीण आली. घुगऱ्या वाटल्या. पाळण्यात बाळ ठेवलं. टोपडं घातलं. सगळ्यांनी द्वारकाआत्याला पाळण्यापाशी बोलावलं.

आत्या आली. पाठ म्हणजे जसं काही निवडुंगाचं बेट.

"अक्का, काटे पाड ना," अच्युत हळूच म्हणाला.

"पडत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे पडत नाहीत. मी काय मुद्दाम करतेय? काटे माझं कुठे ऐकतात? ते मनाचं ऐकतात."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"ससुलीबाई, तुम्ही घाला पहिला धपाटा," घूस म्हणाली.

"मी कशाला? मान शेजारणीचा."

"माझा हात दुखतोय."

"काल तर बरा होता!"

"कालच दुखावला. भिंत पोखरताना."

भेकरीण म्हणाली, "मी लांबून नुसतं 'कुर्रर्र' म्हणते." पण नुसत्या 'कुर्रर्र'ने कुठलं नाव आत उतरतं?

करकोचेमास्तरांनी चोच खाजवली. "ही धपाट्याची प्रथा दोन्ही जंगलांत नाही," ते म्हणाले. "वगळली तर?"

"वगळली तर नाव चिकटत नाही," सगळ्या बायका एकदम म्हणाल्या.

मग समजूत काढायला सुरुवात झाली. अच्युतने बहिणीला पहिल्या वाफेच्या घुगऱ्या दिल्या. तिने खाल्ल्या. काटे तसेच. त्याने तिच्या टोपड्याचं कौतुक केलं. "भोकं काय सुंदर आहेत, अक्का!" ती म्हणाली, "आहेत खरी." मानेवरचे दोन काटे जरा झुकले, बाकीचे तसेच. मास्तरांनी तिला समजावलं की क्लारा हे नाव दोन्ही जंगलांत उत्तम चालतं आणि त्यात घुबडसाहेबांनाही काही खोट काढता येणार नाही. तेव्हा मात्र फरक पडला. मानेवरचे जे दोन काटे जरा झुकले होते, तेही ताठ झाले.

सूर्य डोंगराच्या टोकाला टेकला. मृणालने पाळण्यात हात घालून लेकीच्या पाठीवरून फिरवला. मानेकडचे काटे मऊ होते. पोटाकडचे मऊ होते. शेपटीजवळच्या दोन काट्यांनी मात्र तिच्या बोटाला टोचलं.

तिच्या डोळ्यांसमोर टेकडीपलीकडचं ते अर्धं शेपूट आलं.

ती उठली. सरळ नणंदेच्या पुढ्यात जाऊन बसली.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्हाला काय ठेवायचं होतं?"

खारीच्या गालातली घुगरी खाली पडली.

द्वारकाआत्याने भावजयीकडे बघितलं. मग भावाकडे. मग पाळण्याकडे.

"मला?"

"हो. तुम्हाला."

"मला काय कळतंय त्यातलं?" आत्या म्हणाली. "मी काही ठरवून नव्हते आले. मला विचारलं असतंत तर मी म्हणणार होते, तुमच्या मनात असेल ते ठेवा."

आणि तिच्या पाठीवरचे काटे एकेक करत खाली आले. मानेकडून शेपटीकडे. वाऱ्याने गवत झोपावं तसे.

अच्युत पुढे सरकला. "मग तीन दिवस हे काटे कशाला उभे होते, अक्का?"

"विचारलं का कोणी?"

अच्युतने बोटांवर मोजून पाहिलं. दोन जंगलं, एक काका, एक मामा, घुबडसाहेब, अस्वलं, कोल्हे. सगळ्यांना विचारून झालं होतं. आणि आत्या तर घरातच बसली होती.

"मी विचारायला हवं होतं, वन्सं," मृणाल म्हणाली. "पहिल्या दिवशी."

"जाऊ दे गं. तू ओली बाळंतीण. हा तर माझा भाऊच आहे, त्याला अक्कल कुठून येणार?" आत्याने पदर सारखा केला. साळिंदराला पदर नसतो, पण तिने केला. "काय ते नाव म्हणालात? क्लारा ना? छान आहे की. तेच ठेवू. इतक्या लांबून आणलंय, आता परत कुठे पाठवता?"

"पण त्या डोंगरातल्या बोकडांचं..." करकोचेमास्तर बोलू लागले.

"मास्तर, घुगऱ्या घ्या," आत्या म्हणाली.

मास्तरांनी घुगऱ्या घेतल्या. लांब चोचीत एका वेळी एकच दाणा मावत होता. त्यामुळे ते बराच वेळ बोलू शकले नाहीत.

द्वारकाआत्या पाळण्यावर वाकली. टोपड्याची कड वर केली. बाळाच्या कानात तीनदा हळूच नाव सांगितलं. बाळाने डोळे मोठे केले आणि जांभई दिली.

"कुर्रर्र!"

घुशीचा हात एकदम बरा झाला. पहिला धपाटा तिचाच. दणकून. मग ससुलीचा, मग खारीचा, मग भेकरणीचा. आत्या "अगं, मारता का काय!" म्हणत हसत होती. शेवटचा धपाटा मृणालने घातला, अगदी हलका, आणि हात तसाच नणंदेच्या पाठीवर ठेवला.

तेवढ्यात सूर्य डोंगरामागे गेला. पाळण्यातल्या पोरीचे काटे कडकड करत टणक झाले. पण नाव आत पोचलं होतं. शेपटीजवळच्या दोन काट्यांत तेवढं शिरलं नाही. त्यामुळे पुढे आयुष्यभर तिला हाक मारली की ती सगळी वळायची, फक्त शेपटीचं टोक जरा उशिरा वळायचं. एवढं चालतं.

तात्पर्य:

मुलाचं नाव ठेवताना चारी दिशांना सल्ला विचारावा. परक्या जंगलातल्या घुबडांना विचारावं, अस्वलांना विचारावं, जमल्यास डोंगरातल्या बोकडांनाही सोडू नये. फक्त घरातल्या आत्याला विचारू नये. तिला विचारलं की काम दोन वाक्यांत उरकतं. मग करकोच्यांनी काय खायचं?

अरे हो, दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी करकोचेमास्तर ससुलीच्या नातवाचं नाव शोधायला गेले, द्वारकाआत्या तीन टेकड्या ओलांडून घरी गेली, आणि अख्खं जंगल त्या पोरीला क्लारी म्हणू लागलं.